वखारीतील धूळ कशी मोजावी?

धूळ हा शब्द या मासिकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना सारखाच परिचयाचा आहे. मराठीत 'धूळ', कन्नडमध्ये 'धूळु'. उच्चारात काय तो थोडा फरक. अनुभव तर अगदीच सारखा. हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्याला धूळ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. परंतु 'किती धूळ?' असा प्रश्न कोणी विचारला, तर आपली उत्तरे 'पुष्कळ', 'फार', 'नाकातोंडात जाते इतकी' यांच्या पलीकडे जात नाहीत. शास्त्राचे काम नेमके येथून सुरू होते. 'पुष्कळ' या शब्दावर कोणाला नुकसानभरपाई मिळत नाही, कोणत्या मालकाला पंखा बसवावा लागत नाही आणि पंखा बसविल्यानंतर धूळ कमी झाली की नाही हेही कळत नाही. त्यासाठी आकडा लागतो. तो आकडा कसा मिळवितात आणि मिळाल्यावर तो कसा वाचावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळी धूळ एक नव्हे. आपल्याच परिसरात पाहा: साखर कारखान्याच्या आवारात चिपाडाचा भुसा उडतो, गोकाक फॉल्सच्या गिरणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कापसाचे तंतू उडत आले, बेळगावच्या फौंड्रीत साच्याची वाळू उडते, खडी फोडण्याच्या यंत्रापाशी दगडाची भुकटी उडते आणि निपाणीच्या वखारीत तंबाखू उडतो. डोळ्याला यांत फरक दिसतो तो रंगाचा. फुप्फुसाला दिसणारा फरक फार मोठा असतो.

दगड आणि वाळू यांत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे बारीक कण फुप्फुसात रुतले की तेथे गाठी होतात, त्या गाठी आक्रसतात आणि हा बदल मागे फिरत नाही. यालाच सिलिकोसिस म्हणतात. भारतात या रोगाची पहिली नोंद १९३४ साली झाली, ती कोलारच्या सोन्याच्या खाणींत. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापण्याचा धंदा होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तेथील ५९३ कामगार तपासले, तेव्हा ३२४ जणांच्या, म्हणजे शेकडा ५४.६ लोकांच्या, छातीच्या क्ष-किरण चित्रांत सिलिकोसिस दिसला. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्या पेन्सिलींनी आपल्यापैकी कित्येकांनी मुळाक्षरे गिरविली असतील.

कापसाची धूळ निराळ्या रीतीने त्रास देते. सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे आठवडाभर थोडे बरे वाटते आणि पुन्हा सुटी झाली की तेच. चिपाडाची गोष्ट आणखी वेगळी. ताजे चिपाड सहसा निरुपद्रवी. परंतु ओले चिपाड साठवून ठेवले की ते आतून तापते, त्यात सूक्ष्म जीव वाढतात, आणि गंजी फोडताना त्यांची बीजाणूंनी भरलेली धूळ श्वासात जाऊन ताप व धाप लागते. तेव्हा मोजमापाच्या आधी 'ही धूळ कशाची?' हे विचारावेच लागते. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत 'तुझा धंदा कोणता?' या प्रश्नाची भर घातली होती. त्याच ग्रंथात तंबाखूच्या कामगारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, हे आपल्या भागातील वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

निपाणीच्या तंबाखूकडे वळू. हा विडीचा तंबाखू. शेतात वाळवलेले पान वखारीत येते. तेथे ते झोडपून आणि कुटून बारीक करतात, निरनिराळ्या चाळण्यांतून चाळतात, देठ आणि शिरा बाजूला काढतात, सुपात पाखडतात आणि पोत्यात भरतात. हवा असतो तो ठरावीक जाडीचा जर्दा. भुकटी आणि देठ हे मागे राहणारे पदार्थ. म्हणजे या धंद्यात धूळ अपघाताने होत नाही. पान कोरडे आणि ठिसूळ असल्याशिवाय ते नीट चाळले जात नाही, आणि कोरडे ठिसूळ पान चाळले की धूळ उडणारच. दगडाच्या कामात पाण्याचा फवारा मारून धूळ दाबता येते, तो साधा उपाय येथे चालत नाही. हे काम प्रामुख्याने बायका करीत आल्या आहेत, जमिनीवर बसून, नाकाला पदर किंवा फडके बांधून. १९८० च्या सुमारास या स्त्रियांनी संघटना बांधली. त्यांच्या लढ्यावर युगांतर या चित्रपट-गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट काढला आणि छाया दातार यांनी केलेला या स्त्रियांचा अभ्यास १९८९ साली पुस्तकरूपाने आला. १९८१ साली निपाणीजवळ महामार्गावर झालेले तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन सर्वांना ठाऊक आहे. ते भावासाठी होते. वखारीच्या आतली गोष्ट त्या मानाने कमी लोकांना ठाऊक झाली.

तंबाखूच्या धुळीत तीन गोष्टी एकत्र असतात. एक वनस्पतीची भुकटी, दुसरी पानावर चिकटून आलेली शेतातली माती (म्हणजे थोडी सिलिकाही), आणि तिसरी निकोटीन. निकोटीन श्वासातून शरीरात जाते तसे कातडीतूनही जाते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील रजनी भिसे आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात विडी-धंद्यातील कामगारांवर बरेच काम केले. तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्यांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रांमध्ये इतरांपेक्षा अधिक बिघाड आढळतो, असे त्या अभ्यासांतून दिसले. हे लोक स्वतः विडी ओढत नसले तरी तंबाखू त्यांच्या शरीरात पोहोचत होता.

आता मोजमाप. पहिली अडचण कणाच्या आकाराची आहे. माणसाचा केस साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाड असतो. उघड्या डोळ्याला सुटा दिसणारा धुळीचा कण त्याच्या आसपासचा. पण असा मोठा कण हवेत फार काळ टिकत नाही. पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. १० मायक्रॉनच्या कणाचा वेग सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर. दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला आठ मिनिटे लागतील. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला जवळजवळ बारा तास लागतात. हा हिशेब स्टोक्सच्या नियमाने पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येईल. त्याचा अर्थ असा की संध्याकाळी वखार बंद झाली, सगळे शांत झाले, तरी सकाळी कुलूप काढणाऱ्याला आदल्या दिवशीची अतिसूक्ष्म धूळ हवेतच भेटू शकते. आणि वखारीची हवा काही स्थिर नसते.

शरीराची रचना मोठी सोयीची आहे. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, मधले श्वासनलिकेच्या ओल्या भिंतींवर चिकटतात आणि कफाबरोबर वर येतात. अगदी बारीक कण मात्र फुप्फुसाच्या तळाशी, जेथे हवा आणि रक्त यांची देवघेव होते त्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून शास्त्रज्ञांनी धुळीचे तीन थर मानले आहेत. नाकातोंडातून आत शिरू शकणारी धूळ हा पहिला. यात १०० मायक्रॉनपर्यंतचे कण येतात. घशाच्या खाली उतरणारी धूळ हा दुसरा. त्याची मध्यखूण १० मायक्रॉन. आणि फुप्फुसाच्या तळाशी जाणारी धूळ हा तिसरा. त्याची मध्यखूण आज ४ मायक्रॉन धरतात. १९५९ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेत ती ५ मायक्रॉन धरली होती. मध्यखूण याचा अर्थ त्या आकाराचे निम्मे कण त्या थरात मोजले जातात. तेथे सुरीने कापल्यासारखी रेघ नाही.

सिलिकेसाठी तिसरा थर महत्त्वाचा. तंबाखूसाठी मात्र पहिला थर सोडून चालणार नाही, कारण नाकाच्या आणि घशाच्या ओल्या त्वचेवर बसलेला कणसुद्धा आपले निकोटीन तेथेच सोडून देतो. मागे पुष्कळ ठिकाणी 'बारीक धूळ तेवढी धोक्याची' असे सरसकट शिकविले गेले. ते खाणीपुरते खरे आहे, वखारीला ते जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे.

धूळ पकडण्याच्या उपकरणांचा इतिहास रंजक आहे, पण तो थोडक्यात सांगतो. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत विसाव्या शतकाच्या आरंभी 'कोनिमीटर' आला; हवेचा एक झोत चिकट काचेवर आदळवावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजावयाचे. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत 'इंपिंजर' आला; त्यात धूळभरली हवा पाण्यात बुडवून काढीत. ही दोन्ही कण मोजण्याची साधने. पुढे लक्षात आले की रोगाचा संबंध कणांच्या संख्येपेक्षा बारीक धुळीच्या वजनाशी अधिक चांगला जुळतो, आणि मोजण्याऐवजी तोलणे सुरू झाले. पण कायद्यांत जुन्या पद्धतीची खूण बराच काळ राहिली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याला १९८७ साली जे परिशिष्ट जोडले गेले, त्यात सिलिकेची एक मर्यादा कणांच्या संख्येत आणि दुसरी मिलिग्रॅममध्ये, अशा दोन्ही दिल्या होत्या.

खरी क्रांती १९६० साली झाली. इंग्लंडमधील हार्वेल येथे शेरवुड आणि ग्रीनहाल्घ यांनी बॅटरीवर चालणारा छोटा पंप तयार करून तो कामगाराच्याच अंगावर लावला. त्याआधी यंत्र खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवीत आणि त्याच्या आकड्यावरून सगळ्यांचा हिशेब करीत. अंगावरचा आकडा बहुधा कोपऱ्यातल्या आकड्यापेक्षा मोठा निघतो. याचे कारण उघड आहे: धूळ कोपऱ्यात होत नाही, हातापाशी होते. वखारीत तर हा फरक आणखी वाढतो. यंत्र टेबलावर, आणि बाई जमिनीवर बसून चाळणी हलवते आहे. तिचे नाक चाळणीपासून दोन हातांवर. टेबलावरच्या यंत्राने तिच्याबद्दल काय सांगावे?

आज वापरात असलेली पद्धत अशी. पंप कमरेला पट्ट्याने बांधतात. त्यातून एक नळी पाठीवरून खांद्याकडे जाते आणि तिच्या टोकाला लहानशी डबी असते. डबीत ३७ मिलिमीटर व्यासाचा गाळणकागद बसविलेला असतो (नाव कागद, पण तो बहुधा पीव्हीसीचा असतो). डबी नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत हवी. नऊवारी किंवा सहावारी नेसलेल्या बाईला हे यंत्र कोठे लावावयाचे हा प्रश्न परदेशी पुस्तकांत सुटलेला नसतो. पट्टा साडीवरून बांधता येतो. डबी पोलक्याच्या खांद्यापाशी चिमट्याने लावावी. मात्र नाकाला बांधलेल्या पदराच्या आत ती कधीही जाऊ देऊ नये, नाहीतर आपण हवा मोजली की पदर गाळून आलेली हवा मोजली हे कळणार नाही.

फक्त फुप्फुसाच्या तळाची धूळ हवी असेल, तर डबीच्या आधी एक बोटभर लांबीचे 'सायक्लोन' लावतात. त्यात हवा भोवऱ्यासारखी फिरते, जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात, बारीक तेवढे कागदापर्यंत जातात. रवीने घुसळताना ताक कडेला फेकले जाते, तोच हा न्याय. सायक्लोनला हवेचा प्रवाह अगदी ठरावीक लागतो: एका प्रसिद्ध नायलॉनच्या सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर. प्रवाह वाढला तर मधले कणही खाली पडतात आणि आकडा खोटाच कमी येतो. घटला तर उलट.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात एक शंका येईल. या गाळणकागदाची छिद्रे ५ मायक्रॉनची असतात. मग एक मायक्रॉनचा कण त्यातून पळून जात नाही काय? जात नाही, फारच थोडे जातात. गाळणकागद म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. हवेला त्यातून वळणे घेत जावे लागते. जड कणाला वळता येत नाही म्हणून तो आदळतो, मधला कण कडेला घासून चिकटतो, आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतका भरकटतो की शेवटी कोठेतरी टेकतोच. सर्वांत निसटता कण असतो तो सुमारे ०.३ मायक्रॉनचा, त्याहून लहान नव्हे. नाकाला बांधलेल्या पदराला मात्र हे लागू नाही. त्याची वीण विरळ असते आणि श्वास कडेने आत जातो. मोठी धूळ त्याने अडते, म्हणून बरे वाटते. बारीक धूळ बरीचशी तशीच जाते.

प्रवाह मोजण्याचे साधन आपल्या प्रयोगशाळेत करता येण्यासारखे आहे. अर्ध्या लिटरच्या खुणा असलेली काचेची उभी नळी, खाली साबणाचे पाणी, वरच्या टोकाला पंप. साबणाचा एक पापुद्रा नळीतून वर चढतो. मिनिटाला २ लिटर प्रवाह असेल तर अर्धा लिटर पार करायला त्याला १५ सेकंद लागले पाहिजेत. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा हे करावे. बॅटरी उतरली आणि प्रवाह शेकडा पाचाहून अधिक बदलला, तर तो नमुना टाकून द्यावा.

तोलण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. मिलिग्रॅमचा हजारावा भाग दाखविणारा तराजू हवा. कागद आदल्या दिवशी तोलणीच्या खोलीत ठेवून तेथील दमटपणाशी जुळवून घेऊ द्यावा, कारण मृग नक्षत्रातला कागद आणि चैत्रातला कागद यांचे वजन एक येत नाही. शिवाय प्रत्येक वेळी दोन-तीन कोरे कागद सोबत न्यावेत. ते वखारीत न्यावयाचे, डबी उघडून बंद करावयाची, हवा ओढावयाची नाही आणि परत आणून तोलावयाचे. त्यांच्या वजनात जो फरक पडेल तो धुळीचा नसतो, आणि तेवढा बाकीच्यांतून वजा करावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत, ते कोणत्याही वखारीचे नाहीत. कामाआधी कागदाचे वजन १४.२३५ मिलिग्रॅम, नंतर १७.११५. फरक २.८८०. कोऱ्या कागदाची वाढ ०.०३०; ती वजा करता २.८५० मिलिग्रॅम. प्रवाह मिनिटाला २ लिटर, वेळ ३०० मिनिटे, म्हणजे हवा ६०० लिटर, अर्थात ०.६ घनमीटर. भागाकार केला की ४.७५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

पण ही बाई आठ तासांपैकी पाच तासच चाळत होती. पुढचे दोन तास तिने पोती भरली, तेथे समजा २ मिलिग्रॅम आले. आणि शेवटचा एक तास झाडलोट केली, तेथे १२ आले. दिवसाची सरासरी काढताना प्रत्येक आकड्याला त्याच्या मिनिटांनी गुणावे लागते: ४.७५ गुणिले ३०० म्हणजे १४२५, २ गुणिले १२० म्हणजे २४०, १२ गुणिले ६० म्हणजे ७२०. बेरीज २३८५, तिला ४८० ने भागले की ४.९७. आता या बेरजेकडे नीट पाहा. झाडलोटीला दिवसाचा आठवा भाग लागला, पण धुळीचा शेकडा ३० वाटा तिचा आहे. चाळणीवर हजारो रुपयांचे यंत्र बसविण्याआधी केरसुणी थांबवून दुसरा काही मार्ग काढता येतो काय, हे पाहावे असा सल्ला हा हिशेबच देतो. आणि काम आठ तासांऐवजी दहा तास चालले, तर त्याच धुळीची आठ तासांशी तोललेली किंमत ४.९७ ची ६.२१ होते.

आठ तासांच्या साध्या कामात माणूस साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे आपल्या उदाहरणातील बाईच्या नाकातोंडाशी दिवसाला सुमारे ५० मिलिग्रॅम धूळ आली. वर्षात ३०० दिवस धरले तर १५ ग्रॅम. त्यातील बरीचशी शिंकेतून, कफातून बाहेर पडते किंवा गिळली जाते. तरीही वर्षाचे १५ ग्रॅम हा आकडा तळहातावर घेऊन पाहण्यासारखा आहे.

आता सर्वांत फसवी गोष्ट. एका दिवसाच्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा? समजा एकाच बाईचे पाच निरनिराळ्या दिवशी आकडे असे आले: २.१, २.८, ३.५, ५.६ आणि १४.०. साधी सरासरी ५.६. मधला आकडा ३.५. धुळीचे आकडे असेच एका बाजूला ओढलेले असतात. बरेचसे लहान आणि एखादा फार मोठा. अशा वेळी लॉगॅरिथम घेऊन भूमितीय सरासरी काढतात. ती येथे ४.३८ येते, आणि पसाऱ्याचे माप २.१०. या दोहोंवरून अंदाज बांधता येतो की वीस दिवसांतून एक दिवस आकडा १५ च्या आसपास किंवा त्याहून वर जाईल. निरीक्षक वर्षातून एकदा येणार असेल आणि तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी वखार झाडूनपुसून ठेवलेली असेल, तर त्याला २.१ किंवा २.८ मिळण्याचीच शक्यता अधिक. त्याने खोटे लिहिले असे म्हणता येणार नाही. पण वर्षभराच्या कामाला लागू पडेल असे काही त्याच्या वहीत नसेल. पाच दिवस, आणि तेही आधी न सांगता निवडलेले, हे माझ्या मते कमीत कमी.

आकडा आला, त्याची तुलना कशाशी करावयाची? १९८७ च्या त्या परिशिष्टात कच्च्या कापसाच्या धुळीला ०.२ मिलिग्रॅम, सिमेंटच्या धुळीला १० मिलिग्रॅम अशा मर्यादा होत्या. सिलिकेसाठी सूत्र होते, ज्यात धुळीतील सिलिका वाढली की मर्यादा खाली येते. आता हा सगळा विषय २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. अमेरिकेत ज्या धुळीचे वेगळे नाव घेतलेले नाही तिला एकूण १५ आणि बारीक ५ मिलिग्रॅम अशी सरसकट मर्यादा आहे. तंबाखूच्या भुकटीला अशा सरसकट खात्यात टाकणे मला मुळीच पटत नाही. कापसाला ०.२ आणि तंबाखूला १५? दोन्ही वनस्पतीच, आणि विषारी त्यांतली दुसरी.

निकोटीन वेगळे मोजले तर बरे. अमेरिकेतील त्याची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे. आपल्या उदाहरणात धुळीत समजा शेकडा ४ निकोटीन असेल, तर ४.९७ मिलिग्रॅम धुळीत ते ०.२० च्या आसपास येते. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी! येथेच थांबून कोणी दाखला लिहून दिला, तर तो अपुरा ठरेल. कारण त्या मर्यादेपुढे 'त्वचा' असा शेरा आहे. कातडीतून जाणारे निकोटीन या हिशेबात धरलेलेच नाही, आणि वखारीत हात दिवसभर तंबाखूतच असतात. शिवाय निकोटीन कागदावरून थोडे उडूनही जाते, म्हणून कागदामागे ते शोषून घेणारी नळी जोडावी लागते. कातडीचा आणि श्वासाचा एकत्र हिशेब हवा असेल तर लघवीतील 'कोटिनीन' तपासतात. निकोटीनचे शरीरात रूपांतर होऊन ते बनते. त्यात तंबाखू खाणाऱ्या, मशेरी लावणाऱ्या स्त्रियांचा गट वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर वखारीचा दोष मशेरीवर आणि मशेरीचा वखारीवर जाईल.

हल्ली प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारी छोटी धूळमापके स्वस्तात मिळतात आणि क्षणोक्षणी आकडा दाखवितात. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसते, तेच तत्त्व. कोणत्या क्षणी धूळ उसळते हे दाखविण्यास ती फार उपयोगी. झाडलोटीचा तास त्यात शिखरासारखा दिसेल. पण त्यांचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. ती बहुधा अरिझोनाच्या वाळवंटातील मातीपासून केलेल्या प्रमाण-धुळीवर बेतलेली असतात, आणि निपाणीचा तंबाखू काही अरिझोनाची माती नव्हे. त्याच वेळी शेजारी गाळणकागद लावून दोन्हींचे गुणोत्तर काढल्याशिवाय त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पावसाळ्यात हवेतील दमट कणांनाही ती धूळच समजतात.

उपायांबद्दल थोडेच सांगतो. धूळ ओढून घेणारे तोंड चाळणीच्या अगदी जवळ हवे. तोंडाच्या व्यासाइतके अंतर पडले की ओढीचा वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. मेणबत्ती फुंकून विझते, हवा आत ओढून विझत नाही, हे करून पाहावे म्हणजे पटेल. त्यामुळे छताला लावलेला मोठा पंखा बाईच्या कामाचा नाही. उलट तो जमिनीवरची धूळ तिच्या नाकासमोरून वर नेतो.

आपल्या महाविद्यालयातून असे एखादे मोजमाप करावयाचे झाले तर पदार्थविज्ञानाने प्रवाह बघावा, रसायनशास्त्राने तोलणी व निकोटीन, संख्याशास्त्राने लॉगॅरिथम, आणि प्रश्नावली मराठी व कन्नड विभागांनी मिळून करावी. हे शेवटचे काम सोपे समजू नये. मराठीत 'दम लागतो' म्हणजे धाप लागते आणि 'दमा आहे' म्हणजे रोग आहे. कन्नडमध्ये 'दम्मु' म्हणजे दमाच. एकाच वखारीत शेजारी बसणाऱ्या दोघींना एकच प्रश्न विचारला तर एकीचे उत्तर लक्षणाचे येईल आणि दुसरीचे रोगाचे. 'जिना चढताना थांबावे लागते काय?', 'सकाळी कफ पडतो काय, वर्षातून किती महिने?' असे विचारावे. मोजमाप झाल्यावर ज्या बाईच्या खांद्याला डबी लावली होती तिला तिचा आकडा तिच्या लिपीत लिहून द्यावा, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा. अशी माहिती मिळविण्याचा हक्क कामगाराला १९८७ च्या दुरुस्तीनेच दिला होता. त्या चिठ्ठीवर दिवसाचा आकडा, सर्वांत जास्त धूळ कोणत्या कामाच्या वेळी उडाली ते, आणि पुढचे मोजमाप कोणत्या महिन्यात, एवढे असले तरी पुरे.